खुर्ची जड चालते, कलंडते, जखम करते: व्हीलचेअर वापरताना या चुका टाळा

खान्देशात व्हीलचेअर घरी येते ती बहुधा तीन वाटांनी: साहित्यवाटपाच्या शिबिरातून, दवाखान्यासमोरच्या दुकानातून किंवा नात्यातल्या एखाद्या वृद्धाच्या पश्चात पडून राहिलेली. या तिन्ही वाटांनी आलेली खुर्ची बसणाऱ्याचे माप घेऊन दिलेली असेल, याची शक्यता फार थोडी असते. केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून अशी साधने पुरवत आली आहे आणि तिच्यामुळे हजारो घरांतली माणसे खाटेवरून उठून दारापर्यंत आली, हे मोलाचेच आहे. पण खुर्ची मिळणे आणि ती अंगाला बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या हाताने चालवायच्या खुर्च्यांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही योग्य खुर्चीची ओळख सांगताना माप, शरीराला आधार आणि वापराची जागा यांवर भर आहे. घरातले लोक मात्र ‘खुर्चीच हलकी निघाली’ किंवा ‘बाबांच्या अंगात आता जोर उरला नाही’ असे म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात बहुतेक तक्रारींचे मूळ चुकलेल्या मापात, टायरमधल्या हवेत किंवा एखाद्या ढिल्या नटात सापडते.

ऐसपैस खुर्ची निवडणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे मोठी खुर्ची घेणे. बसायला मोकळी बरी, पुढे वजन वाढले तरी चालेल, असा त्यामागचा विचार असतो. रुंद खुर्चीत बसणारा एका बाजूला कलतो, कण्याला बाक येतो आणि चाकापर्यंत हात पोहोचवण्यासाठी खांदे बाहेर फेकावे लागतात. मांडी आणि बाजूची पट्टी यांच्यामध्ये दोन्हीकडे हाताचा तळवा उभा सरकेल इतकीच जागा असावी. बैठकीची पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतची लांबी मोजताना बसणाऱ्याला पाठ पूर्ण टेकवून बसवावे. गुडघ्यामागची खळगी आणि बैठकीची पुढची कड यांत दोन ते तीन बोटांचे अंतर हवे. बैठक त्याहून लांब असेल तर कड पोटरीत रुतते, म्हणून माणूस पुढे सरकून पाठीला पोक काढून बसतो. घरच्यांना वाटते बसणाऱ्याला नीट बसायची सवय नाही, आणि मग ते दिवसभर त्याला वर ओढत राहतात.

पायपट्टीकडे तर कोणी पाहतच नाही. ती दुकानातून ज्या उंचीवर येते त्याच उंचीवर वर्षानुवर्षे राहते, खरे तर एका पान्याने ती वर-खाली होते. मांडी बैठकीवर सपाट टेकली पाहिजे. पट्टी फार वर असेल तर गुडघे उचलले जातात आणि सगळा भार बसण्याच्या हाडांवर येतो. फार खाली असेल तर पाय लोंबतात आणि माणूस घसरत पुढे येतो. पट्टी जमिनीपासून निदान पाच सेंटीमीटर वर राहील हेही पाहावे, नाहीतर अंगणातला पहिला दगडच तिला अडवतो आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो.

खुर्ची घेण्याआधी घरातले दरवाजेही मोजावेत. अठरा इंची बैठकीच्या सर्वसाधारण खुर्चीची चाकांसह एकूण रुंदी सुमारे ६५ सेंटीमीटर भरते. जुन्या धाब्याच्या घरातली दारे आणि नव्या घरातले न्हाणीघर, दोन्ही ठिकाणी हे माप अडू शकते.

कापसाची गादी आणि झोळ पडलेले रेक्झिन

या भागात कापूस घरचा, म्हणून खुर्चीवर कापूस भरलेली गादी घालण्याची पद्धत सर्रास आहे. ती पहिले काही दिवस मऊ वाटते. नंतर कापूस दबून गोळे होतात आणि घाम धरून ठेवतात. ओलावा आणि सततचा दाब एकत्र आले की कातडी फुटायला वेळ लागत नाही. घट्ट फोमची, धुता येईल अशा खोळीची गादी अधिक बरी, आणि तीही मधोमध बसली की बदलावी. गादीखालच्या जागी हाताचा तळवा सरकवून पाहिल्यास बसण्याचे हाड थेट तळाला टेकते आहे का हे कळते. आणखी एक बाब हमखास विसरली जाते: गादी घातली की माणूस दोन-तीन इंच उंच होतो, त्यामुळे पायपट्टी पुन्हा लावावी लागते आणि हात टेकण्याच्या पट्ट्या कोपराला पुरतात का हेही नव्याने पाहावे लागते.

घडीच्या खुर्चीचे रेक्झिन दोन-तीन वर्षांत झोळीसारखे खाली येते, मांड्या आत वळतात, कंबर एका अंगाला जाते. त्यावर नुसती फळी टाकणे हा उपाय नव्हे, कारण कठीण फळीवर बसणे जखमेला आमंत्रणच ठरते. फळी घालायचीच तर तिच्यावर चांगली गादी हवी. त्याहून उत्तम म्हणजे रेक्झिनच नवे बसवून घ्यावे. गाड्यांची सीटकव्हरे शिवणारा कारागीर ते काम करू शकतो, मात्र मूळ पट्टा नमुना म्हणून त्याच्यापुढे ठेवावा.

बसण्याच्या भागावर जखम होणे ही या साऱ्या चुकांची सर्वांत महाग किंमत आहे. कण्यातल्या मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली अनेकदा दुखणे जाणवत नाही, त्यामुळे तो तक्रार करत नाही आणि घरचे निश्चिंत राहतात. दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा एकेका बाजूला कलून एक-दोन मिनिटे बैठकीवरचा भार काढला पाहिजे; ज्यांना स्वतः जमत नाही त्यांना कोणीतरी आधार देऊन वाकवावे. रोज रात्री झोपवताना बसण्याची हाडे, माकडहाड आणि टाचा पाहाव्यात. लाल किंवा काळसर डाग भार काढल्यावरही जात नसेल, तर तो जाईपर्यंत त्या जागेवर बसवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. हळद, चुना, पावडर लावून वाट पाहण्यात जो वेळ जातो, तोच पुढे महिन्यांच्या अंथरुणाला कारण होतो.

जड चालते, एकीकडे ओढते, थरथरते

खुर्ची जड चालू लागली की आधी हवा पाहावी. टायर अंगठ्याने जोरात दाबल्यावर पाच मिलिमीटरपेक्षा जास्त आत जाऊ नये. हवेच्या दाबाचा नेमका आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. हवा कमी असली की ढकलायला जोर लागतो हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्याच वेळी ब्रेकही निकामी होतो हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. या खुर्चीचा ब्रेक टायरवरच दाबून बसतो. टायर बसला की ब्रेकची पट्टी त्याला जेमतेम स्पर्श करते. म्हणून ‘ब्रेक धरत नाही’ ही तक्रार असेल तर ब्रेकचा नट पिळण्याआधी पंप हाती घ्यावा. हवा भरून दोन्ही ब्रेक लावावेत आणि मागून खुर्ची ढकलून पाहावी. चाक तरीही फिरत असेल, तरच ब्रेक टायरकडे सरकवून कसावा.

एका बाजूला ओढणाऱ्या खुर्चीत दोन टायरांतली असमान हवा, एका चाकाला घासणारा ब्रेक किंवा पुढच्या छोट्या चाकाच्या दांडीभोवती गुंडाळलेला गुंता, यांपैकी काहीतरी असते. शेवटचे कारण इकडे फार आढळते. केस, साडीचा धागा, कापसाचे पेळू, केळीच्या सोपटाचे तंतू आणि सुतळी हे सगळे त्या छोट्या चाकाच्या आसाशी जाऊन बसते. चाक खोलून ते चिमट्याने काढावे. ब्लेडने कापताना बेअरिंगची झाकणी फाटणार नाही याची काळजी घ्यावी.

वेग घेतल्यावर पुढचे चाक थरथरत असेल, तर त्याच्या उभ्या दांडीचा नट ढिला झालेला असतो किंवा बेअरिंग गेलेले असते. मागचे चाक डगमगत असेल तर आसाचा नट आणि स्पोक पाहावेत. हे काम गावातला सायकलवाला चांगले करतो; चाकाचा आउट काढणे, म्हणजे ते न डगमगता सरळ फिरेल असे करणे, त्याच्या रोजच्या कामातले आहे. त्याला एवढेच सांगावे की बंद बेअरिंगमध्ये रॉकेल सोडू नये, कारण आतले ग्रीस धुऊन निघाले की ते काही दिवसांत करकरू लागते. तेलाचा थेंब टायरवर पडला तर तोही लगेच पुसावा, कारण तेलकट टायरवर ब्रेक घसरतो.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पुढच्या चाकांच्या चिमट्यात घट्ट बसतो. तो ओला असताना पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुण्यापेक्षा वाळू द्यावा, काडीने खरवडावा आणि मग ओल्या फडक्याने पुसावा. उन्हाळ्याची चूक वेगळी आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि अंगणात राहिलेल्या खुर्चीची चाकांवरची लोखंडी कडी व काळे रेक्झिन इतके तापते की ज्याला स्पर्श जाणवत नाही त्याची कातडी नकळत भाजते. बसवण्याआधी बैठकीवर आपला हात ठेवून पाहावा.

कलंडण्याची कारणे

कलंडण्याचे जे प्रसंग टळू शकतात, त्यांत पायपट्टीवर उभे राहून उतरणे पहिले. वजन पुढे गेले की मागची चाके उचलली जातात. उठताना आधी दोन्ही ब्रेक, मग पायपट्ट्या वर, मग पाय जमिनीवर, हाच क्रम ठेवावा. दुसरे कारण म्हणजे मागच्या दांड्यांना अडकवलेली बाजाराची पिशवी: बसलेला माणूस उठला की खुर्ची पिशवीसकट मागे पडते, आणि चढावर तर माणसासकट.

तिसरे कारण क्वचितच कोणी सांगते. मधुमेहामुळे किंवा अपघाताने दोन्ही पाय गुडघ्यावरून काढलेल्या माणसाचा तोल मागे सरकतो, कारण पुढचे वजनच गेलेले असते. अशा माणसासाठी मागच्या चाकांचा आस थोडा मागे घ्यावा लागतो किंवा मागे पडू न देणारी छोटी चाके लावावी लागतात. ज्या खुर्चीत आस सरकवण्याची सोय आहे, तिच्यात तो पुढे घेतल्यास खुर्ची हलकी वळते, पण तितकीच सहज मागे कलते. म्हणून हा बदल भौतिकोपचार तज्ज्ञाच्या समोरच करावा.

ओट्यावर चढण्यासाठी फळी टाकणे ही घराघरांतली सोय आहे, आणि तीच बहुधा अपघाताची जागा असते. उताराचे मान्य प्रमाण एकास बारा आहे. म्हणजे पंधरा सेंटीमीटरच्या पायरीला १८० सेंटीमीटर लांबीचा उतार लागतो, आणि ४५ सेंटीमीटर उंच ओट्याला जवळपास साडेपाच मीटर. इतकी जागा गल्लीत नसेल तर उतार वळवून बांधावा. ते जमत नसल्यास दोन माणसांनी खुर्ची उचलणे उभ्या फळीपेक्षा सुरक्षित आहे. चढताना तोंड पुढे, उतरताना मात्र खुर्ची उलटी फिरवून पाठीच्या बाजूने हळूहळू खाली आणावी. उतारावर ब्रेक ओढून वेग कमी करू नये. तो थांबलेल्या खुर्चीसाठी आहे. ढकलण्याच्या दांड्यांवरचे रबर आधीच ओढून पाहावे, कारण ते उतारावरच हातात निघून येते.

उचलताना पक्क्या सांगाड्याला धरावे. हात टेकण्याच्या पट्ट्या आणि पायपट्ट्या सुट्या होणाऱ्या असतात, त्यांना धरले तर त्याच निघून येतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर दगडधोंड्यांच्या वाटा असल्याने चार छोट्या-मोठ्या चाकांची दवाखान्यातली खुर्ची तिथे जवळपास निरुपयोगी ठरते. लांब बांधणीची, पुढे एकच मोठे चाक असलेली तीन चाकी खुर्ची अशा जमिनीवर जास्त स्थिर चालते. शिबिरात नाव नोंदवतानाच आपली वाट कशी आहे हे सांगावे.

घडीच्या खुर्चीतला एक्स आकाराचा सांगाडा अमेरिकेत १९३०च्या दशकात आला आणि अजून तसाच वापरात आहे. त्याच्यातच बोटे चिरडतात. खुर्ची उघडताना दोन्ही तळवे बैठकीच्या कडेच्या नळ्यांवर सपाट ठेवून खाली दाबावे, बोटे नळीभोवती वळवू नयेत. मिटवताना रेक्झिन मधोमध धरून वर ओढावे. काळी-पिवळी जीपमधून किंवा टेम्पोतून नेताना माणसाला गाडीच्या सीटवर बसवावे आणि खुर्ची मिटवून बांधावी. रेल्वेच्या फलाटावर खुर्ची रुळांकडे तोंड करून उभी करू नये. ती रुळांना समांतर ठेवून दोन्ही ब्रेक लावावेत, आणि सोबतच्या माणसाने तिकिटासाठी जाण्यापूर्वी हे एकदा हात लावून पाहावे.