कोप्यांवर खोकला शोधताना

दिवाळी झाली की आमच्या कर्नाटकातल्या निपाणी भागात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहिल्या की पहिल्याच आठवड्यात टीबीची फेरी मारायची. नवीन आशाताईंनो, दिवसा जाऊ नका, सगळे फडात असतात. चुली पेटल्यावर जा. मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्या म्होरक्याला, आधी भेटा, पण त्याच्यादेखत खोकल्याचं विचारू नका. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला माणूस मुकादमासमोर कधी आजारी नसतो.

"टीबी आहे का?" असं तर तोंडातून काढूच नका. मी विचारते, "दादा, खोकल्यानं झोपमोड होते का? कधीपासून?" दोन आठवडे खोकला, संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन, थुंकीत रक्त, यातलं एक जरी असलं तरी थुंकी तपासायची. "बिडीचा खोकला हाय" हे उत्तर ठरलेलं. बिडी ओढणाऱ्याला टीबीचा धोका उलट जास्त, तेव्हा त्याला सोडू नका. बायकांना बाजूला घ्या. एकीनं नवऱ्यासमोर मान हलवून नाही म्हटलं आणि हापशावर महिनाभराचा खोकला सांगितला.

खरी गोची थुंकीत होते. डबीत लाळ आली तर सगळी मेहनत वाया. चूळ भरायला लावा, दोनदा खोल श्वास, मग छातीतून खोकून बेडका. कोपीत नाही, बाहेर उघड्यावर. एक नमुना तिथल्या तिथं, दुसरा पहाटे उठल्याबरोबर. टोळी अंधारातच फडाकडं निघते, म्हणून दुसरी डबी रात्रीच देऊन ठेवा. नाव डबीवर लिहा. झाकणावर लिहिलं तर झाकणं बदलली की घोळ.

टीबी निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी, पाच वर्षांखालच्या पोरांना आधी डॉक्टरांकडं. गोळ्यांनी लघवी केशरी होते हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर घाबरून गोळ्या बंद. आहारासाठी महिना १००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. पासबुक गावी राहिलं असेल तर फोटो मागवून घ्या.

औषध कमीत कमी सहा महिने, हंगाम त्याआधीच संपतो. आमचे कागद कानडीत, म्हणून मी निक्षयचा (सरकारी टीबी नोंदणीचा) नंबर, गोळ्या सुरू केल्याची तारीख आणि गावाकडचं आरोग्य केंद्र मराठीत चिठ्ठीवर लिहून देते. फोन नंबर दोन घ्या, एक गावाकडच्या नातेवाइकाचा. टोळी हलायच्या आठवडाभर आधी पुन्हा जाऊन गोळ्या मोजा. ट्रॅक्टर भरायला लागला की कुणी थांबून बोलत नाही.