प्रौढांना इंग्रजी शिकवायचंय? सेल्टाची तयारी अशी करा

सगळ्यात आधी कुठे शिकवायचं ते ठरवा. महाराष्ट्रातल्या शाळेत नोकरी हवी असेल, तर डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि पहिली ते आठवीसाठी टीईटीही, हाच रस्ता. तिथे पुढे सांगतोय ते प्रमाणपत्र त्यांची जागा घेत नाही. पण प्रौढांचे वर्ग, खासगी भाषासंस्था किंवा परदेशातल्या भाषाशाळा डोळ्यासमोर असतील, तर केंब्रिजचा सेल्टा (प्रौढांना इंग्रजी शिकवण्यासाठीचा प्रमाणपत्र कोर्स) किंवा त्याच तोडीचा ट्रिनिटीचा सर्ट-टेसॉल बघा. परदेशी जायचं असेल, तर फी भरण्याआधी त्या देशाचे व्हिसाचे नियम वाचा. काही देशांत इंग्रजी शिक्षकाच्या व्हिसासाठी पासपोर्ट कुठला आहे तेही बघतात.

कोर्स निवडताना एकच प्रश्न विचारा: खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किती तास शिकवायला मिळेल? ‘१२० तासांचं ऑनलाइन प्रमाणपत्र’ स्वस्तात विकणारे खूप आहेत. त्यातल्या कित्येकांत उमेदवार एकदाही वर्गात उभा राहत नाही. सेल्टाही साधारण १२० तासांचाच असतो. पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवड्यांत होतो. मात्र त्यात ६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं, तेही प्रशिक्षक मागे बसून टिपणं काढत असताना. शिवाय अनुभवी शिक्षकांचे ६ तास वर्ग बघायचे आणि चार लेखी असाइनमेंट द्यायच्या. तुमच्या शहरात केंद्र नसेल, तर ऑनलाइनही करता येतो.

प्रवेशासाठी अर्जासोबत भाषेची काही कामं येतात आणि मग मुलाखत होते. इंग्रजी जन्मभाषा नसली तरी चालतं, पण पातळी सी१ किंवा सी२ (युरोपीय मोजपट्टीवरच्या सगळ्यात वरच्या दोन) लागते. आपण इंग्रजी नियम पाठ करून शिकलेलो असतो, त्यामुळे पास्ट परफेक्ट म्हणजे काय हे आपल्याला सांगता येतं. हा फायदा मुलाखतीत बिनधास्त वापरा.

खरी तयारी करायची ती इथे. ‘आय हॅड गॉन टू पुणे येस्टर्डे’ (बरोबर: ‘आय वेंट’) हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडून हमखास येतं, कारण ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे मनात आधी तयार असतं. अशा चुका वहीत गोळा करा आणि प्रत्येकीमागचं कारण लिहा. एक असाइनमेंट शिकणाऱ्यावरच असते, तिथे ही वही कामी येईल.

मग प्रश्न विचारायची सवय लावा. ‘समजलं का?’ विचारलं की अख्खा वर्ग मान डोलावतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. समजा, ‘आय यूज्ड टू लिव्ह इन सातारा’ हे शिकवताय. तर विचारा: बोलणारा आता साताऱ्यात राहतो का? नाही. पूर्वी राहायचा का? हो. एकच दिवस, की बराच काळ? बराच काळ. तीन छोट्या प्रश्नांत अर्थ पोचला की नाही ते दिसतं. रोज एक वाक्य घेऊन असे प्रश्न लिहून काढा.

पाठाचं टिपण लिहिताना कोण किती वेळ बोलणार हेही लिहा. आपल्याकडच्या शिक्षकाला सलग बोलायची सवय असते (आपण वर्षानुवर्षं तेच ऐकत मोठे झालो!). सेल्टात विद्यार्थी जोडीनं बोलतायत आणि तुम्ही गप्प ऐकताय, हेच बघितलं जातं. पाठानंतर प्रशिक्षक आणि सहकारी सगळ्यांसमोर उणिवा सांगतात. तेव्हा सबबी सांगू नका. पुढच्या पाठात नेमकी कोणती गोष्ट बदलणार ते लिहून घ्या, कारण बदल दिसतो का याकडे त्यांचं लक्ष असतं.

कोर्सच्या काळात दुसरं काम हाती ठेवू नका. रात्री टिपणं लिहिण्यातच जातात.

उत्तीर्ण झालात की लगेच डेल्टाच्या (केंब्रिजच्याच पुढच्या पातळीच्या कोर्सच्या) मागे लागू नका. तो अनुभवी शिक्षकांसाठी आहे. निदान वर्षभर तरी रोज वर्ग घ्या, मग त्याचा विचार करा.