डेटा वेअरहाउस कधी लागतं आणि सुरुवात कुठून करायची

औषधांच्या घाऊक व्यापारात मी रिपोर्ट काढते. मार्चची विक्री किती, असं विचारलं की आमच्याकडे तीन आकडे येतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. बिलिंगचा आकडा जीएसटी धरून, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा तो वगळून आणि विक्री प्रतिनिधींच्या एक्सेलमध्ये स्कीमचा फुकट मालही मोजलेला. हे वाद रोजचे झाले की वेअरहाउसचा विचार करायचा.

वेअरहाउस हाही डेटाबेसच, पण रोजच्या कामापासून वेगळा, फक्त विश्लेषणासाठी ठेवलेला. बिलिंगला एक बिल झटकन नोंदवायचं असतं. इथे अनेक वर्षांची बिलं एकदम वाचायची असतात. म्हणून बिगक्वेरी किंवा रेडशिफ्टसारख्या वेअरहाउसच्या प्रणाली माहिती स्तंभवार साठवतात, म्हणजे सगळ्या रकमा एकत्र, सगळे पत्ते एकत्र. रकमांची बेरीज करताना दुकानाचा पत्ता वाचावाच लागत नाही.

वेअरहाउसची कल्पना मांडणारे संगणकतज्ज्ञ बिल इनमन यांनी त्याची चार लक्षणं सांगितली: विषयवार मांडणी, एकसारखेपणा, काळाची नोंद आणि आत आलेलं न बदलणं. माझ्या दृष्टीने खरी किंमत शेवटच्या दोघांत आहे. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, डहाणू, जव्हारची दुकानं होती तिथेच राहिली. ग्राहकांच्या यादीत ‘ठाणे’ पुसून ‘पालघर’ लिहिलं, की 2013 ची विक्रीही पालघरच्या नावावर जाते आणि तेव्हा छापलेल्या रिपोर्टशी काही जुळत नाही. वेअरहाउसमध्ये अशा दुकानाच्या दोन नोंदी ठेवायच्या: ठाणे, 31 जुलै 2014 पर्यंत, पालघर, त्यापुढे. प्रत्येक बिल आपापल्या तारखेच्या नोंदीला जोडायचं. शिवाय ‘आजचा जिल्हा’ असा वेगळा स्तंभ ठेवला, तर आजच्या हद्दीप्रमाणे जुनी तुलनाही करता येते. औरंगाबादचं 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं तेव्हा मात्र नाव बदललं, हद्द तीच राहिली. तिथे नुसतं नाव बदललं तरी चालतं. कुठला बदल कसा ठेवायचा हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. धंदा समजणाऱ्या माणसाने ठरवायचं असतं.

सुरुवात करताना आधी प्रश्न लिहून काढा आणि त्यातला एकच घ्या. समजा, कुठल्या औषधाचा माल एक्स्पायरी होऊन सर्वांत जास्त परत येतो? मग एका नोंदीत काय बसवायचं ते ठरवा. मी अख्खं बिल घेणार नाही. बिलातलं एक औषध, एक बॅच घेईन. अख्खं बिल एका नोंदीत कोंबलं की कुठली बॅच परत आली हे कधीच कळणार नाही. या मुख्य टेबलाभोवती औषध, दुकान, तारीख आणि प्रतिनिधी यांची टेबलं मांडा. याच क्षेत्रातले तज्ज्ञ राल्फ किंबॉल यांनी रूढ केलेली ही ताऱ्यासारखी रचना आजही पुरते. परत आलेला माल म्हणजे उणे संख्येची नवी नोंद: क्रेडिट नोटची (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणाऱ्या कागदाची) तारीख, सोबत मूळ बिलाचा नंबर. जुन्या नोंदीला हात लावायचा नाही. रात्री माहिती भरून झाली की आदल्या दिवसाची बेरीज बिलिंगशी ताडून पाहा. ही तपासणी नसेल तर महिन्याभरात कोणी त्या आकड्यांवर विश्वास ठेवणार नाही.

सगळा धंदा एकाच सॉफ्टवेअरवर चालत असेल आणि प्रश्न चालू महिन्याचेच असतील, तर हा खर्च करू नका. तिथले रिपोर्ट, फार तर डेटाबेसची वाचनापुरती वेगळी प्रत पुरे. आत्ता गोदामात किती स्ट्रिप आहेत, हेही रात्री भरल्या जाणाऱ्या वेअरहाउसला विचारू नये. शिकायचं असेल तर डकडीबी हा छोटा डेटाबेस फुकट आहे, लॅपटॉपवर चालतो आणि सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या यादीवर) थेट एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, चालवू देतो.

पहिलं टेबल बनवण्याआधी मात्र हिशेब विभाग आणि विक्री विभाग यांना एकत्र बसवून ‘विक्री’ची व्याख्या ठरवून घ्या आणि ती टेबलाच्या वर्णनातच लिहा: जीएसटी वगळून, स्कीमचा माल शून्य रुपयांना, परतावा क्रेडिट नोटच्या महिन्यात.