ओटीला अर्ज कधी करायचा? जुलैपासून मागे मोजा

"मुलगा किंडरगार्टनला गेला की बघू." "ग्रीन कार्डची तारीख थोडी पुढे सरकू दे." "पस्तिशीच्या आत व्हायला हवं, नाहीतर राहूच दे." इथे न्यू जर्सीत ऑक्युपेशनल थेरपी (ओटी, म्हणजे आजार-दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी उपचारपद्धती) शिकायचं मनात असलेल्या मराठी मैत्रिणींकडून ही वाक्यं मी वर्षानुवर्षं ऐकतेय. मीही हेच म्हणायचे. या काळज्या खऱ्याच आहेत, पण अर्ज कधी करायचा हे त्यांच्यावरून ठरत नाही. ते ठरतं अ‍ॅनाटॉमीच्या लॅबवरून, भारतातल्या मार्कशीटवरून आणि एखाद्या थेरपिस्टच्या मागे उभं राहून काढलेल्या तासांवरून. भारतात मानसशास्त्र, बायॉलॉजी, होम सायन्स असं काही शिकून लग्नानंतर इकडे आलेल्या आणि आता नव्याने ओटीकडे वळणाऱ्या बायकांसाठी ही यादी लिहितेय. भारतातून बीओटीएच, म्हणजे ओटीचीच पदवी, करून आलेल्यांचा रस्ता निराळा आहे. त्यांनी आधी एनबीसीओटीकडून (इथली ओटीची परीक्षा घेणारी संस्था) आपल्या पदवीची पात्रता तपासून घ्यावी.

जुलैपासून का मोजायचं? अमेरिकेतले बरेचसे ओटी अभ्यासक्रम ओटीकॅस या एकाच पोर्टलवर अर्ज घेतात आणि त्याचं नवं सत्र साधारण जुलैच्या मध्यावर उघडतं. शेवटची तारीख मात्र ज्या त्या कॉलेजची वेगळी. वेबसाइटवर जानेवारी लिहिलेलं दिसलं की आपण निवांत होतो, पण अनेक कॉलेजं अर्ज येतील तसे वाचतात, मुलाखती घेतात आणि जागा देऊन मोकळी होतात. शिवाय पोर्टलवर गुणपत्रिका पडताळण्यात काही आठवडे जातात ते वेगळेच. मी पहिल्यांदा डिसेंबरात पाच ठिकाणी अर्ज टाकले. दोन ठिकाणी जागा जवळजवळ भरल्या होत्या. एका कॉलेजने कळवलं, पुण्यात केलेलं तुमचं स्टॅटिस्टिक्स दहा वर्षांपेक्षा जुनं आहे, चालणार नाही. फीचे पैसे गेले आणि त्याहून वाईट म्हणजे धीर सुटला. म्हणून माझं ठाम मत आहे: सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पूर्ण अर्ज जाणार नसेल, तर ते वर्ष सोडा. अर्धवट अर्ज घाईने टाकण्यापेक्षा वर्षभर थांबून पहिल्या आठवड्यात टाकलेला अर्ज कितीतरी बळकट असतो.

सर्वांत आधी हातात घ्यायचं काम सर्वांत कंटाळवाणं आहे. भारतातल्या पदवीचं वेसकडून (परदेशी पदव्या तपासणारी संस्था) विषयवार मूल्यांकन करून घ्यायचं. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच जावी लागते, तुम्ही स्कॅन करून पाठवलेली चालत नाही. म्हणजे तिकडे भाऊ, वडील, कुणीतरी खिडकीपाशी उभं राहणारं हवं. त्यात आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. एकाच बाईची दोन माणसं होतात. लग्नाचा दाखला इंग्रजीत नसेल तर तोही आत्ताच करून घ्या. आपली तीन वर्षांची बी.ए. किंवा बी.एस्सी. इथल्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरली जाईलच असं नाही. पुढे एम.ए. केलं असेल तर प्रश्न बहुधा सुटतो. हे सगळं मार्गी लागायला मी सहा महिने धरते.

मग पूर्वअटींचे विषय. कॉलेजागणिक थोडा फरक असतो, पण अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग लॅबसकट, स्टॅटिस्टिक्स, जन्मापासून म्हातारपणापर्यंतचं विकासाचं मानसशास्त्र, अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजी आणि समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र एवढं जवळपास सगळीकडे दिसतं. अ‍ॅनाटॉमीचा दुसरा भाग पहिल्याशिवाय घेता येत नाही, म्हणजे दोन सेमिस्टर गेलीच. काही ठिकाणी त्याआधी साधं बायॉलॉजी मागतात, मग तीन. समजा तुम्हाला २०२८ च्या उन्हाळ्यात वर्गात बसायचं आहे. अर्ज जुलै २०२७ मध्ये. दुसरा भाग त्या वसंतात, जानेवारी ते मे. पहिला भाग २०२६ च्या सप्टेंबरपासून. म्हणजे वेसचं पाकीट त्याच्याही आधी हलायला हवं. एखाद-दुसरा विषय अर्ज करताना चालू असला तरी बरीच कॉलेजं चालवून घेतात, पण अ‍ॅनाटॉमी त्यात ठेवू नका, त्या विषयातल्या मार्कांकडे त्यांचं पहिलं लक्ष जातं. जुने विषय किती वर्षांपर्यंत चालतात, पाच, सात की दहा, हे प्रत्येक कॉलेजला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ऑनलाइन लॅब चालते का, हेही त्याच पत्रात.

हे विषय कम्युनिटी कॉलेजात करा, खर्च बराच कमी येतो. एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजसारख्या ठिकाणी संध्याकाळच्या लॅबच्या जागा आधी संपतात, तेव्हा नोंदणी उघडण्याचा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. तळहातातल्या छोट्या स्नायूंची नावं मी पोळ्या लाटताना पाठ केली. लाटण्यावर मनगट कसं वळतं, अंगठा कुठे टेकतो, हे बघत बघत. तिशी उलटल्यावर पाठांतर जमेल का, ही भीती मला होती. जमतं.

निरीक्षणाचे तास हा यादीतला भाग माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा. काही कॉलेजं आता ते सक्तीचे ठेवत नाहीत, काही वीस मागतात, काही चाळीस किंवा त्याहून जास्त. सक्ती नसली तरी करा, आणि किमान दोन वेगळ्या ठिकाणी: शाळा, हॉस्पिटल, नर्सिंग होम, हातांच्या दुखापतींचं क्लिनिक, लहान मुलांचं केंद्र. परवानगी मिळायलाच दोन-तीन महिने लागतात. टीबीची चाचणी, फ्लूची लस, गोपनीयतेचं प्रशिक्षण हे सगळं आधी मागतात. तास झाले की त्याच दिवशी सही घ्या. माझी एक थेरपिस्ट नोकरी बदलून गेली आणि सोळा तासांची सही तिच्याबरोबर गेली.

नर्सिंग होममध्ये एक आजोबा होते, आपल्याकडचे, पक्षाघातानंतर उजवा हात अधू झालेले. थेरपिस्ट त्यांना जाड मुठीचा काटा धरायला शिकवत होती आणि ते रोज नकार देत होते. "सहकार्य करत नाहीत" अशी नोंद झाली होती. मी नुसती बघायला आलेली, बोलावं की नाही कळेना. शेवटी तास संपल्यावर तिला म्हटलं, यांनी जन्मभर हाताने वरणभात कालवून खाल्लाय, काटा त्यांच्या लेखी जेवण नाहीच. ती दुसऱ्या दिवशी वाटीत मऊ भात घेऊन आली. बोटं जवळ आणणं, घास गोळा करणं, तोंडापर्यंत नेणं, हेच उद्दिष्ट झालं. आजोबांनी चार घास खाल्ले आणि पाचवा सांडला तेव्हा स्वतःच पुन्हा गोळा केला. ओटी म्हणजे काय हे मला त्या टेबलाशी कळलं. माणसाला त्याचं रोजचं जगणं परत मिळवून द्यायचं, आणि ते जगणं कसलं हे त्यालाच विचारायचं. अर्जातला माझा निबंध त्यातून निघाला. तुमच्याकडे सांगण्यासारखा असा एक दिवस नसेल, तर अर्जाची वेळ अजून झालेली नाही असं मी म्हणेन, मार्क कितीही असोत.

शिफारसपत्रांपैकी एक ओटीकडून घ्या आणि एक अलीकडे शिकवलेल्या प्राध्यापकाकडून. बारा वर्षांपूर्वीच्या सरांचं प्रेमळ पत्र फारसं उपयोगी पडत नाही. मेमध्येच विचारून ठेवा, जूननंतर प्राध्यापक सापडत नाहीत.

मास्टर्स की डॉक्टरेट, यावर अजून एक जुनी अफवा फिरते की २०२७ पासून डॉक्टरेट सक्तीची होणार. तसा निर्णय २०१७ मध्ये जाहीर झाला होता खरा, पण २०१९ मध्ये दोन्ही पदव्या या व्यवसायात येण्यासाठी मान्य राहतील असं ठरलं. दोन्हींनंतर परीक्षा एकच, परवाना एकच. दोन्हींत फील्डवर्क, म्हणजे थेरपिस्टच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, किमान २४ आठवड्यांचं, डॉक्टरेटला त्यावर १४ आठवड्यांचा कॅपस्टोन (शेवटचा प्रकल्प) आणि जास्तीची फी. पुढे शिकवायचं किंवा संशोधन करायचं नसेल तर मास्टर्स पुरे, असं मला वाटतं. अभ्यासक्रमाला एकोटची (ओटी अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यता आहे ना, हे मात्र डोळ्यांनी बघा. नसेल तर परीक्षेला बसता येत नाही.

व्हिसाची चौकशी प्रवेश मिळाल्यावर नको, अर्जाआधी करा. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी मुळे मिळालेल्या व्हिसावर, शिकता येतं, पण पगार घेता येत नाही. २०१५ पासून एच-४ वरच्या काही जणींना कामाचा परवाना मिळतो, मुख्यतः नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेली याचिका) मंजूर असेल तर. तो परवाना नसेल तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाऊन पदवीनंतर वर्षभराच्या ओपीटीचा (शिक्षणानंतर काम करण्याची मुभा) विचार करावा लागतो. फील्डवर्क साधारणपणे बिनपगारी असतं, तरीही कॉलेजच्या अधिकाऱ्याला आणि वकिलाला दोघांनाही विचारा. एच-४ वर सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही, त्यामुळे दोन-अडीच वर्षांची फी कुठून येणार हे कागदावर मांडल्याशिवाय अर्जाचं बटण दाबू नका.

घरच्यांना समजावणंही तयारीतच येतं. "फिजिओच ना?" असं सासरे विचारतात. मी त्यांना कमलाबाई निंबकरांचं सांगितलं. अमेरिकेत जन्मलेली बाई, फलटणचे शेतीसंशोधक बनबिहारी निंबकर यांची आई. तिने १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये भारतातली पहिली ओटीची शाळा सुरू केली. फलटण म्हटल्यावर ते सरसावून बसले आणि नंतर तेच नातेवाइकांना फोनवर ओटी समजावू लागले.

आणि फील्डवर्कचे आठवडे. बारा-बारा आठवड्यांचे दोन टप्पे, सकाळी साडेसातला हजर, ठिकाण कधी तासभर लांब. त्या काळात मुलांना शाळेतून कोण आणणार? आईवडिलांना इथे एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं. दोन टप्पे लागून आले तर साडेपाच महिने, जेमतेम बसतात. मध्ये सुट्टी आली तर नाही बसत. म्हणून प्रवेश मिळाला की कॉलेजकडे फील्डवर्कचे महिने विचारा, आणि आईबाबांना व्हिसा नसेल तर मुंबईच्या मुलाखतीची तारीख त्याच आठवड्यात शोधायला घ्या.