झिरोला तंबूत राहणार असाल तर

अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात सप्टेंबरअखेरीस संगीत महोत्सव भरतो. तेव्हा तिथला पाऊस पुरता गेलेला नसतो, हे धरूनच बॅग भरा. इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्या भारतीयांना अरुणाचलात शिरायला लागणारा परवाना, आधीच ऑनलाइन काढा आणि त्याची छापील प्रतही जवळ ठेवा.

तंबू सखल जागी नको, जरा उंचवट्यावर लावा. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आत दुमडा. कडा बाहेर राहिली की वरून ओघळणारं पाणी तिच्यावर साचतं आणि थेट तुमच्या अंथरुणाखाली येतं. गमबूट घ्याच, चिखलात महागडे स्नीकर्स वाया जातात. कोरडे मोजे आणि एक स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवा. दीड हजार मीटरहून जास्त उंचीवर रात्री चांगलीच थंडी वाजते. पण म्हणून तंबूत शेगडी किंवा निखारे अजिबात नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

तांदळाची घरगुती बिअर गोडसर लागते, चढते मात्र उशिरा. परतताना टॉर्च आणि सोबत हवीच. अंधारात भातखाचरांच्या बांधांवरून शॉर्टकट मारू नका. तिथल्या आपातानी जमातीचे शेतकरी खाचरांतल्या पाण्यात मासेही पाळतात.