पहिल्या आठवड्याची रडारड

गेल्या वर्षी माझ्या माँटेसरी वर्गात मी नवी-जुनी सगळी मुलं पहिल्याच दिवशी एकदम घेतली, साहित्यही सगळं मांडून ठेवलं. तासाभरात एकावर एक रचायच्या गुलाबी मनोऱ्याचे 10 लहान-मोठे ठोकळे वर्गभर आणि निम्मी मुलं दाराशी रडत.

यंदा पाच-सहा वर्षांची जुनी मुलं दोन दिवस आधी बोलावली. नवी मग रोज तीन-तीन. मांडणीत फक्त पाणी ओतणं, चमच्याने दाणे काढणं, टेबल पुसणं. रडणाऱ्याला समजावत बसण्यापेक्षा त्याच्या हातात ओला स्पंज देणं कितीतरी बरं! पालकांना सांगितलं, निरोप एकदाच घ्या, पण गुपचूप सटकू नका. (हे मुलांपेक्षा त्यांनाच जड गेलं.) मनोरा तिसऱ्या आठवड्यात मांडला.

एक मुलगी अजून दाराशी रेंगाळते. सहा वर्षांचा एक दादा तिला बूट जागेवर ठेवायला घेऊन जातो. मी मध्ये पडत नाही.