ऑडिओबुकमधून अर्थनियोजन शिकताना या चुका टाळा

पैशांविषयीचे पुस्तक कानाने ऐकताना सर्वांत आधी आकडे निसटतात. सल्ला लक्षात राहतो, पण तो ज्या हिशेबावर उभा असतो, तो हिशेब निवेदक पुढच्या वाक्यावर जाईपर्यंत मनातून पुसला गेलेला असतो. गृहकर्जाची मुदत शक्य तितकी कमी ठेवावी, हे मी लोकलमध्ये उभ्याने दीडपट वेगात ऐकले होते आणि ते पटलेही होते. तरीही बँकेत २० वर्षांच्या मुदतीवर सही करून आलो.

पुढे एका रविवारी तेच प्रकरण वही घेऊन ऐकले. ३० लाखांचे कर्ज, ८.५ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत धरली, तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो आणि पहिल्या हप्त्यातले २१,२५० रुपये निव्वळ व्याजात जातात. मुद्दल फिटते जेमतेम ४,७८५ रुपयांचे. हेच कर्ज १५ वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण साडेतीन हजारांनी वाढतो, मात्र एकूण व्याज नऊ लाखांहून अधिक कमी होते. म्हणून आकडा कानावर पडला की ऐकणे थांबवावे, तो लिहून घ्यावा आणि त्याच्या जागी आपल्या कर्जाचा आकडा घालून पाहावा. पुस्तकासोबत तक्त्यांची पीडीएफ असेल, तर तीही उघडावी.

दुसरी चूक देशाची आहे, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. या विषयावरची बरीच लोकप्रिय पुस्तके अमेरिकी वाचकासाठी लिहिलेली आहेत. तिथे ३० वर्षे व्याजदर न बदलणारे गृहकर्ज सर्रास मिळते, त्यामुळे ‘स्वस्त कर्ज फेडण्याची घाई करू नका, गुंतवणूक करा’ हा सल्ला तिथे समजण्याजोगा आहे. आपल्याकडची बहुतेक गृहकर्जे बदलत्या दराची असतात आणि दर वाढला की अनेकदा हप्ता तोच राहून मुदत लांबत जाते. तिथल्या निवृत्ती खात्यांचे नियमही आपल्या पीपीएफला किंवा एनपीएसला लागू पडत नाहीत.

पुस्तकाचे सालही पाहावे, कारण छापील प्रतीतले प्रकाशनवर्षाचे पान ऐकणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. जुन्या पुस्तकात बँकठेवींवरील विम्याची मर्यादा १ लाख रुपये ऐकू येईल. फेब्रुवारी २०२० मध्ये ती ५ लाख झाली. शेअरवरील दीर्घकालीन नफ्याच्या कराचा दरही जुलै २०२४ मध्ये १० टक्क्यांवरून १२.५ टक्के झाला.

आणखी एक गोष्ट सहज राहून जाते. घरातले पैशांचे निर्णय दोघांचे असतात, पण इअरफोन एकाच्याच कानात असतो. कर्जाचे ते प्रकरण आम्ही अखेर जेवणानंतर स्पीकरवर एकत्र ऐकले, बँकेचे विवरणपत्र समोर ठेवले, आणि वाढीव हप्ता घरखर्चात कुठून निघेल, हे पत्नीनेच आधी दाखवून दिले. मुदत कमी करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात बँकेत दिला.